पाया ओतण्याआधी: एका कार्यशाळेच्या अर्थिंगच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

काम हाती आले. दोन मजली कार्यशाळा, बाहेरून १२ × ९ मीटर. पुरवठा थ्री फेज ४१५ व्होल्ट, सोबत डिझेल जनरेटर, छतावर वीजरोधक (आकाशातली वीज पकडून जमिनीत नेणारा). कॉलमचे खड्डे खणून झालेत, सळई बांधायची आहे, काँक्रीट अजून आलेले नाही. म्हणजे अगदी योग्य वेळी बोलावणे आले.

नकाशावर अर्थिंगसाठी एकच ओळ आहे: ‘अर्थ पिट, ६ नग, कोळसा-मीठ’. कुठे, किती खोल, कशाला जोडायचे, रोध किती अपेक्षित, यातले काहीच नाही. साधारण पद्धत अशी, की इमारत रंगवून झाली की मागच्या अंगणात खड्डे पडतात, पाइप उभे राहतात आणि पट्टी जिथे सापडेल तिथून आत नेली जाते. पाया मात्र तोवर गाडलेला असतो. मातीशी सर्वाधिक संपर्क असलेला, इमारतीइतकाच टिकणारा इलेक्ट्रोड (प्रवाह मातीत सोडणारा धातू) म्हणजे पायातली सळई. ती एकदा काँक्रीटखाली गेली की पुन्हा हाती लागत नाही. जर्मनीत नव्या इमारतीला फाउंडेशन अर्थिंग सक्तीचे आहे, डीआयएन १८०१४ हे त्याचे मानक. आपल्याकडे आयएस ३०४३ या भारतीय मानकातही पायातल्या पोलादाचा इलेक्ट्रोड म्हणून वापर मान्य आहे. तरीही बहुतेक नकाशांत तो नसतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअरांशी आजच बोललो. सळईवर वेल्डिंग चालणार नाही, क्लॅम्प चालतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रास्त आहे. टीएमटी सळईची ताकद तिच्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, परवानगीशिवाय तिथे आर्क लावायचाच नाही.

१६ जानेवारी

मातीची मोजणी. चार स्पाइक एका रेषेत, समान अंतरावर ठोकायचे. बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांतला व्होल्टेज मोजायचा. ही वेनरची पद्धत. सूत्र सोपे आहे: रोधकता (माती प्रवाहाला किती अडवते त्याचे माप) = २ × पाय (π) × अंतर × मोजलेला रोध. स्पाइक मात्र वरवर ठोकायचे, अंतराच्या विसाव्या भागाहून खोल नाही, नाहीतर सूत्र लागू पडत नाही.

१ मीटर अंतराला ३.८५ ओहम, म्हणजे रोधकता २४ ओहम-मीटर.
२ मीटरला २.६४, म्हणजे ३३.
३ मीटरला २.३८, म्हणजे ४५.
४ मीटरला २.२५, म्हणजे ५७.
८ मीटरला १.९३, म्हणजे ९७.

अंतर वाढवले की मोजणी अधिक खोलवरची माती पाहते. इथे आकडा चढतच गेला आहे. वर काळी माती, खाली कठीण मुरूम आणि त्याखाली खडक. कॉलमच्या खड्ड्यांच्या भिंतींवरही तेच दिसते: सुमारे पावणेदोन मीटरवर रंग बदलतो आणि तिथून पुढे पहारेचा आवाजही बदलतो.

हे वाचन सगळ्या आराखड्याचा पाया आहे. जिथे आकडा खोलीबरोबर उतरतो, तिथे लांब रॉड खोल ठोकावा. जिथे चढतो, तिथे आडवे पसरावे. ही मोजणी न करता पिटांची संख्या ठरवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

१७ जानेवारी

आज कागदावरचे काम.

आधी एक हिशेब मांडून ठेवतो, कारण साइटवर हा वाद हमखास निघतो: ‘जाड पाइप घाला, रोध कमी येईल.’ उभ्या रॉडचे सूत्र ब्रिटिश मानक बीएस ७४३० मध्ये आहे. १०० ओहम-मीटरची एकसारखी माती धरली, तर १६ मिमी जाड, ३ मीटर लांब रॉडचा रोध ३३.५ ओहम येतो. जाडी दुप्पट करून ३२ मिमी केली तर २९.८. लांबी दुप्पट करून ६ मीटर केली तर १८.६. जाडी दुप्पट करून जेमतेम ११ टक्के फायदा, लांबी दुप्पट करून ४४ टक्के. जाडी हवी ती गंजण्याच्या आणि ठोकण्याच्या हिशेबाने, रोधासाठी नव्हे.

पण आपली माती एकसारखी नाही. रॉडचे वरचे पावणेदोन मीटर चांगल्या मातीत आणि उरलेला भाग खडकात. खडकातल्या त्या भागाचा खर्च पुरेपूर, काम नावापुरते.

म्हणून निर्णय: पायातली सळई एक इलेक्ट्रोड, आणि इमारतीभोवती भिंतीपासून दीड मीटरवर पाऊण मीटर खोल तांब्याच्या पट्टीची रिंग हा दुसरा. रिंगची चौकट १५ × १२ मीटर, घेर ५४ मीटर. क्षेत्रफळ १८० चौरस मीटर, त्याच्या समतुल्य वर्तुळाचा व्यास १५.१ मीटर. रिंगचा रोध अंदाजे दोन-तृतीयांश गुणिले रोधकता भागिले व्यास. एवढ्या मोठ्या रिंगला खोलवरची मातीही भोवते, म्हणून ८ मीटरचा ९७ हा आकडा घेतला. उत्तर ४.३ ओहम. वरच्या मातीचा २४ घेतला असता तर १ ओहमच्या आसपास सुंदर आकडा आला असता आणि तो खोटा ठरला असता.

पट्टीचा छेद: दोषप्रवाह (बिघाड झाल्यावर अर्थमधून जाणारा प्रवाह) ५ किलोअँपिअर, एक सेकंद असे धरले. उघड्या तांब्याला चौरस मिलिमीटरमागे २०५ अँपिअर धरतात, म्हणजे २५ चौरस मिमी पुरे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीला ८० धरतात, म्हणजे ६२.५. तरी तांब्याची २५ × ३ पट्टी घेतो आहे, ७५ चौरस मिमी. जमिनीत पट्टी तापून जाण्यापेक्षा गंजून आणि कुदळ लागून जास्त जाते.

जीआय का नाही, हेही लिहून ठेवतो, कारण किमतीवरून हा प्रश्न येणारच. काँक्रीटमधले पोलाद विद्युत-रासायनिक दृष्ट्या जवळजवळ तांब्यासारखे वागते. त्याला मातीतली जस्ताची पट्टी जोडली की बॅटरी तयार होते आणि जस्त झिजते. आधी जस्त जाते, मग लोखंड. वीजरोधनाचे मानक आयईसी ६२३०५-३ याच कारणासाठी पायाच्या सळईला जोडायच्या मातीतल्या इलेक्ट्रोडला तांबे किंवा स्टेनलेस स्टील सुचवते. पाया जोडायचा ठरला की बाहेरच्या रिंगचा धातूही त्याच वेळी ठरला.

२४ जानेवारी

पायातली जोडणी. २५ × ४ ची जीआय पट्टी टाय-बीमच्या (कॉलमांना पायात जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) सळईला लागून सर्व कॉलमांना बंद वळसा घालून फिरवली. काँक्रीटच्या आत जीआय चालते, अडचण मातीत आहे. दर दोन मीटरला सळईशी क्लॅम्प, प्रत्येक कॉलमच्या उभ्या सळईला वेगळा क्लॅम्प, आणि पट्टीभोवती सर्व बाजूंनी किमान ५० मिमी काँक्रीट राहील अशी ठेवण. बांधायच्या तारेने सळया एकमेकींना टेकतातच आणि अमेरिकेच्या एनईसी या वीज-संहितेत ती तारही जोड म्हणून मान्य आहे. तरी मुख्य मार्ग क्लॅम्पचाच ठेवला. तारेच्या गाठीवरून हजारो अँपिअर जाऊ देण्याची माझी तयारी नाही.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या, वाळूमय जमिनीत दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग देताना हर्बर्ट उफर यांनी पायातली सळई वापरली. तिथे नुसत्या रॉडने भागण्यासारखी जमीन नव्हती. काँक्रीट मातीतला ओलावा शोषून धरून ठेवते, म्हणून आजूबाजूची जमीन कोरडी पडली तरी ते वाहक राहते. एनईसीत आजही किमान ६ मीटर सळई आणि ५० मिमी काँक्रीटचे आवरण अशी अट आहे, ती त्यातूनच आली.

एका गोष्टीवर नजर ठेवावी लागली. ओल वर येऊ नये म्हणून पीसीसीखाली (सळईशिवायच्या काँक्रीटच्या तळथराखाली) प्लास्टिकचा कागद अंथरायचे ठरले होते. तो जमिनीच्या स्लॅबखाली असू दे. पण फुटिंग (कॉलमचा रुंद तळ) आणि टाय-बीमखाली आला तर काँक्रीट आणि माती यांच्यात विजेच्या दृष्टीने भिंतच उभी राहते आणि सगळी सळई हवेत लटकल्यासारखी होते. बांधकामाच्या मुकादमांना जागेवर नेऊन दाखवले. ते म्हणाले, “साहेब, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. फुटिंगखालचा कागद काढतो.” लगेच काढलाही.

बाहेर येणारी टोके चार ठेवली, स्टेनलेस स्टीलची. काँक्रीट संपून माती किंवा हवा सुरू होते तिथेच जीआय सर्वात आधी कुजते.

ओतण्याआधी चारही टोकांमधले सातत्य मोजले, कुठल्याही दोघांत ०.०५ ओहमपेक्षा कमी. फोटो काढताना शेजारी टेप ठेवला. काँक्रीट पडल्यावर हाच एक पुरावा उरणार.

२८ जानेवारी

काँक्रीट पडले. ओतताना व्हायब्रेटर क्लॅम्पवर आपटत नाही ना, एवढे पाहत उभा होतो. संध्याकाळी टोके पुन्हा तपासली, ठीक.

१० फेब्रुवारी

रिंगची चर. खणण्याआधी जुनी पाण्याची लाइन आणि तात्पुरत्या पुरवठ्याची केबल कुठून जाते ते चुन्याने आखून घेतले. काळ्या मातीची चर कोरडी असताना कडक दिसते, पण कडेला ढिगारा टाकला की बाजू सुटते. म्हणून माती चरीपासून लांब टाकायला सांगितली.

खोली पाऊण मीटर. मानकात रिंगला अर्धा मीटर किमान आहे. इथे तेवढ्यावर थांबणे मला पटले नाही. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा खोल जातात आणि भेगेत आलेली पट्टी मातीला टेकलेलीच राहत नाही. जितके खाली तितका ओलावा स्थिर. पाऊण मीटरच्या खाली मात्र एका कोपऱ्यात मोठे धोंडे लागायला सुरुवात झाली, तिथे तेवढ्यावरच थांबलो.

१३ फेब्रुवारी

तांब्याचे जोड एक्झोथर्मिक वेल्डने. ग्रॅफाइटच्या साच्यात तांब्याचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी पेटवली की ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेते आणि वितळलेले तांबे जोडावर उतरते. बाहेरून वीज लागत नाही, सेकंदांत काम होते आणि नट-बोल्टासारखा सैल पडणारा भाग जमिनीत राहत नाही.

साचा ओला असला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन वितळलेला धातू बाहेर उडतो. सकाळचे दव होते, म्हणून प्रत्येक साचा आधी टॉर्चने कोरडा केला, पट्टी ब्रशने घासून चकचकीत केली. हातमोजे, चेहऱ्याला शील्ड, भोवती कुणी नाही. वायरमन दादांनी हे काम आधी केलेले होते. त्यांचा हात शांत आहे, घाई नाही. एक जोड फोडून पाहिला: आत बुडबुडे नाहीत, दोन्ही पट्ट्या एकजीव.

१४ फेब्रुवारी

भराव. यावर साइटवर बराच वेळ बोलणे झाले, तेव्हा सविस्तर.

मिस्त्री काकांचे म्हणणे, “मीठ-कोळसा घातल्याशिवाय अर्थिंग धरत नाही.” त्यांचा अनुभव खोटा नाही. मिठाने रोध लगेच उतरतो. पण मीठ पाण्याबरोबर वाहून जाते, दर वर्षी पुन्हा घालावे लागते आणि तोवर लोखंड खात राहते. मीठ-कोळशाचे पिट काही वर्षांनी उघडले की पाइपच्या जागी पापुद्रे निघतात, हे अनेकांनी पाहिले असेल. मोजणीच्या दिवशी छान आकडा आणि दहाव्या वर्षी इलेक्ट्रोडच नाही, असे अर्थिंग मला नको.

बेंटोनाइटचाही विचार केला. ही माती पाणी धरून फुगते आणि भिजलेली असताना तिची रोधकता अगदी कमी, अडीच ओहम-मीटरच्या आसपास असते. पण पूर्ण सुकली की तीही आक्रसून इलेक्ट्रोडपासून सुटते. आधीच आक्रसणाऱ्या काळ्या मातीत उन्हाळ्याच्या झळांत आणखी एक आक्रसणारा थर घालण्यात अर्थ नाही. खडकाळ जागेत रॉडसाठी भोक पाडून भरायचे असते तर मी बेंटोनाइट घेतले असते.

ठरले ते साधे: खणलेलीच काळी माती चाळून, ओलसर करून, पट्टीभोवती थराथराने ठोकून बसवायची. त्यात विटांचे तुकडे, खडी, सिमेंटचे ढेकूळ काहीही नको. मिस्त्री काकांनी चाळणी लावून सगळा थर स्वतः बसवला आणि शेवटी पट्टीच्या वर ३० सेमीवर पिवळी चेतावणी-पट्टी अंथरली. पुढे कुणी खणले तर आधी ती दिसेल.

२० फेब्रुवारी

रिंगच्या कोपऱ्यांवर, तिला पूरक म्हणून, चार तांबे-लेपित रॉड, १६ मिमी, २५० मायक्रॉन लेपाचे. ३ मीटर ठोकायचे होते. तीन कोपऱ्यांत २ मीटरच्या थोडे पुढे गेल्यावर रॉड टणाटणा वाजू लागला आणि पुढे सरकेना. जोर लावून डोके चेपण्यात काही मिळत नाही. लेप खरवडला जातो आणि रॉड आत वाकतो, वरून कळतही नाही.

अशा वेळी काय करायचे ते एनईसीत नीट सांगितले आहे: खडक लागला तर रॉड ४५ अंशांपर्यंत तिरपा ठोकावा, तेही जमत नसेल तर किमान पाऊण मीटर खोल चरीत आडवा पुरावा. त्या तीन कोपऱ्यांत रॉड बाहेरच्या दिशेने तिरपे गेले आणि पूर्ण बसले. मातीत जितकी लांबी टेकते तिला महत्त्व. चौथा सरळ पूर्ण गेला.

रॉडमधले अंतर १२ आणि १५ मीटर आहे. नियम असा, की दोन रॉडमधले अंतर रॉडच्या लांबीच्या दुप्पट तरी असावे. त्याहून जवळ आले तर दोघे एकाच मातीत प्रवाह सोडतात आणि एकमेकांचे काम खातात. एका रॉडचा रोध २५ ओहमपेक्षा जास्त असेल तर एनईसी दुसरा रॉड मागते आणि दोघांत किमान १.८ मीटर अंतर ठेवायला सांगते. पण ते किमान आहे, त्याला आदर्श समजून पिट शेजारी-शेजारी खणू नयेत.

४ मार्च

मोजणी. रिंग आणि पाया टेस्ट लिंकने (बोल्ट काढून उघडता येणाऱ्या जोडाने) सुटे ठेवले आहेत, पुरवठा अजून जोडलेला नाही, म्हणून वेगवेगळे मोजता आले. चालू इमारतीत लिंक असा उघडायचा नाही. दोष चालू असेल तर उघड्या लिंकच्या दोन टोकांत पूर्ण व्होल्टेज येऊ शकतो. पुरवठा बंद करूनच उघडायचा.

एकट्या रॉडसाठी नेहमीची पद्धत पुरते: प्रवाहाचा स्पाइक लांब, व्होल्टेजचा स्पाइक त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, मग तो थोडा पुढे-मागे सरकवून आकडा बदलत नाही ना ते पाहायचे. मोठ्या रिंगला ते चालत नाही. प्रवाहाचा स्पाइक प्रणालीच्या कर्णाच्या निदान पाचपट लांब हवा. आपला कर्ण १९ मीटर, म्हणजे जवळजवळ १०० मीटर मोकळी जागा. ती नाही, ५० मीटरवर कुंपण आहे.

म्हणून टॅग यांची उताराची पद्धत. व्होल्टेजचा स्पाइक २०, ४० आणि ६० टक्क्यांवर ठेवून तीन वाचने: २.६, ३.२, ३.६ ओहम. त्यांच्या फरकांचे गुणोत्तर ०.४ भागिले ०.६, म्हणजे ०.६७. त्यावरून तक्त्यात खरे अंतर पाहिले, ते ६० टक्क्यांच्या आसपासच निघाले. दोन्ही जोडलेले असताना रोध ३.६ ओहम.

सुटे मोजले तेव्हा रिंग ३.९, पाया ५.१. समांतर जोडणीच्या सूत्राने २.२ यायला हवे होते, आले ३.६. रिंगच्या आतच पाया आहे, दोघांच्या वाट्याला तीच माती येते. जानेवारीतला कागदावरचा ४.३ आणि प्रत्यक्षातला ३.९ जवळ आले याचे फार समाधान वाटले. म्हणजे माती आपल्याला नीट कळली होती.

५ मार्च

एक प्रसंग नोंदवायलाच हवा. क्लॅम्प मीटर घेऊन आलेल्या एका तंत्रज्ञाने रिंगच्या पट्टीवर जबडा लावला आणि ‘०.०९ ओहम’ वाचून दाखवले. सगळ्यांचे चेहरे खुलले. हा आकडा मातीचा नाही. क्लॅम्प आपल्या जबड्यातून जाणारा बंद फेरा मोजतो, आणि रिंगमध्ये तो फेरा सगळा तांब्याचाच आहे. माती त्यात आलीच नाही. इलेक्ट्रोड एका टोकाने जोडलेला असेल आणि परतीचा मार्ग दुसऱ्या कमी रोधाच्या अर्थमधून जात असेल, तेव्हाच क्लॅम्प उपयोगाचा. अहवालात ०.०९ लिहू दिले नाही.

१८ मार्च

मुख्य अर्थ बार बसवला, म्हणजे सगळ्या अर्थ जिथे एकत्र येतात ती धातूची पट्टी. रिंगकडून दोन पट्ट्या, पायाकडून दोन, पाण्याच्या लोखंडी पाइपचे बाँडिंग, केबल ट्रे, वीजरोधकाची जोडणी, सगळे याच बारवर. प्रत्येक जोडाला दोन बोल्ट, स्प्रिंग वॉशर, नावाची पट्टी. बारपासून प्रत्येक मोटरच्या बॉडीपर्यंत सातत्य मोजले. एक पॅनेल दरवाजाच्या रंगावरून अडले, रंग घासून तारांची वेणी लावली.

संगणकाच्या यंत्रणेचा पुरवठादार वेगळा पिट मागतो आहे: १ ओहमखाली, आणि ‘बाकी कशालाच न जोडलेला, स्वच्छ’. हे मी नाकारले. छतावर वीज पडली आणि १० किलोअँपिअर ३.६ ओहममधून गेले तर इमारतीची अर्थ ३६ किलोव्होल्टवर जाते. शेजारचा सुटा पिट शून्याजवळच राहतो. तो सगळा फरक संगणकाच्या केबलमध्ये आणि त्याला हात लावणाऱ्या माणसात येतो. एका इमारतीत अर्थ एकच, सगळ्या एकमेकांना जोडलेल्या. विद्युत गोंगाट कमी करायचा असेल तर बारपासून वेगळी, इन्सुलेटेड अर्थ वायर न्यावी, तिचे मूळ हाच बार.

२७ मार्च

आजचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वायरमनने तो एकदा स्वतः करून पाहावा.

पुरवठ्याकडून इथे अर्थ टर्मिनल मिळालेले नाही, म्हणून ही टीटी जोडणी: इमारतीची अर्थ आणि ट्रान्सफॉर्मरची अर्थ वेगळ्या, मधे फक्त माती. एखाद्या यंत्राच्या बॉडीला फेज टेकला. प्रवाह आपल्या ३.६ ओहममधून मातीत जाऊन ट्रान्सफॉर्मरकडे परतणार. तिकडचा रोध शून्य धरला तरी २३० भागिले ३.६, म्हणजे ६४ अँपिअर. सर्किटवर ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच). तो तत्काळ पडतो ५ ते १० पटीला, म्हणजे १६० ते ३२० अँपिअरला. ६४ म्हणजे फक्त दुप्पट. मानकात २.५५ पटीलाही १ ते ६० सेकंदांची मुभा आहे, दुप्पटीला त्याहून उशीर लागू शकतो. तेवढा वेळ बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर. ३.६ ऐवजी १ ओहम आणला असता तरी, तिकडचा रोध धरल्यावर, हमी मिळाली नसती.

वाचवतो तो आरसीडी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच. त्याची अट: अर्थचा रोध गुणिले गळतीचा ठरलेला प्रवाह ५० व्होल्टच्या आत. ३०० मिलिअँपिअरला १६६ ओहमपर्यंत चालते, ३० मिलिअँपिअरला १६६६ पर्यंत. आपल्याकडे ३.६ आहे. म्हणजे प्रश्न ओहमचा उरतच नाही. प्रश्न उरतो बॉडीपासून बारपर्यंतच्या वायरचा आणि प्रत्येक जोडाचा. ती वायर तुटली तर जमिनीतले तांबे कितीही चांगले असो, त्या यंत्राला अर्थ नाही.

व्यवस्था अशी: मुख्य ठिकाणी ३०० मिलिअँपिअर, उशिराने पडणारा एस प्रकार, सॉकेटच्या सर्किटांना ३० मिलिअँपिअर. ३० चे सर्व चाचणी-यंत्राने तपासले. ठरलेल्या प्रवाहाला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपटीला ४० च्या आत हवेत. सर्व पास. चाचणीचे बटण दाबणे हे पुरेसे नाही, त्याने फक्त आतली यंत्रणा हलते. अर्थ वायर आहे की नाही हे बटणाला कळत नाही.

२ एप्रिल

जनरेटर. न्यूट्रलला दोन स्वतंत्र जोडण्या रिंगच्या दोन वेगळ्या बाजूंना, बॉडीला आणखी दोन. एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून नियमाने दोन मागितल्या आहेत. त्या दोन्ही एकाच बोल्टखाली घेतल्या तर कागदावर दोन, प्रत्यक्षात एकच. म्हणून वेगवेगळे बोल्ट, वेगवेगळे मार्ग.

चेंजओव्हर (पुरवठा आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) चार पोलचा, म्हणजे पुरवठ्याचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल कधी एकत्र येणार नाहीत. जनरेटरवर चालताना न्यूट्रल आणि बार इथेच जोडलेले आहेत, दोषाचा फेरा धातूतून पूर्ण होतो. पण लहान जनरेटर फार दोषप्रवाह देऊ शकत नाही, एमसीबीवर भरवसा नको. न्यूट्रल-अर्थची लिंक आरसीडीच्या आधी आहे ना, हे खास तपासले. ती नंतर आली तर आरसीडी विनाकारण पडत राहतो, आणि कंटाळून कुणीतरी तो बायपास करतो.

१४ मे

अर्थची चाचणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांतून किमान एकदा, असा नियम आहे. त्यातला कोरडा दिवस लोक सोयीने विसरतात. आज जमिनीला बोटभर रुंद भेगा आहेत. पुरवठा बंद करून, त्याच जागी स्पाइक ठोकून, त्याच पद्धतीने मोजले: जोडलेली प्रणाली ४.४ ओहम. मार्चच्या ३.६ वरून वाढ २० टक्क्यांच्या थोडी वर. वीजरोधनासाठी १० ओहमच्या आत हवे, ते आहे. अहवालात ४.४ हाच मुख्य आकडा लिहिला.

सुटी मोजली तर रिंग ५.१ वर गेली, पाया ५.६ वर. पाया तुलनेने स्थिर राहिला. काँक्रीटने ओल धरून ठेवली.

८ जुलै

पावसानंतर ३.१ ओहम. एका चेंबरमध्ये पाणी साचले होते. टेस्ट लिंकच्या बोल्टवर हिरवट थर धरू लागलेला. घासून, ग्रीस लावून पुन्हा घट्ट केला. चेंबरच्या तळाला खडी भरून पाणी जिरायला वाट केली, झाकणाची कड जमिनीपासून १० सेमी वर उचलायला सांगितली.

मीटरच्या खोलीत दाराच्या आत फलक लावला: रिंगचा नकाशा, स्पाइक ठोकायच्या जागा कुंपणापासूनच्या अंतरांसह, तिन्ही मोजण्या तारखेसह, आणि पुढची चाचणी मे २०२७. काँक्रीटआधीचे फोटो छापून त्याच खोलीतल्या फाइलमध्ये ठेवले. वीजरोधकाच्या एका खालच्या तारेचा क्लॅम्प अजून यायचा आहे, तो आल्यावर त्या कोपऱ्याचे सातत्य मोजून फाइल बंद करायची.